छपराचं गणित, फोनमधला भूकंप

सप्टेंबर २०२२ मध्ये लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यातल्या हासोरी गावात जमिनीच्या पोटातून आवाज येऊ लागले. पाठोपाठ किरकोळ धक्क्यांच्या नोंदी झाल्या, तज्ज्ञांची पथकं गावात आली, वर्तमानपत्रांत रकाने भरले. किल्लारीपासून फार लांब नसलेल्या या भागात आवाज आला की माणसाच्या मनात पहिली आठवण येते ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. ५२ गावांचं पूर्ण पुनर्वसन करावं लागलं.

अशा तालुक्यात शिकणाऱ्या मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात भूकंपाचा धडा असतो. पृथ्वीचे थर, तबके, लहरी हे सगळं त्यात असतं. पण मुलाच्या डोक्यातले प्रश्न वेगळे असतात. आपल्याकडे पुन्हा होईल का? तो आवाज कसला होता? आजोबा म्हणतात तेवढा मोठा धक्का म्हणजे नेमका केवढा? पाठ्यपुस्तक सगळ्या राज्यासाठी एकच छापलं जातं, त्यामुळे निलंग्याच्या मुलाच्या प्रश्नाला त्यात जागा नसते. ही जागा शिक्षकाने भरायची असते, आणि त्या कामी आज त्याच्या हाताशी पूर्वी कधी नव्हती इतकी साधनं आहेत.

या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे: डिजिटल साधन मुलाच्या गावाला, घराला आणि प्रश्नाला जोडलं गेलं, आणि ते मुलाच्या स्वतःच्या हातात आलं, तरच वर्गातलं शिकणं समृद्ध होतं. नुसता पडदा मोठा झाल्याने शिकणं मोठं होत नाही.

फोनच्या पोटातला भूकंपमापक

फोन आडवा धरला की पडद्यावरचं चित्रही आडवं होतं. फोनला हे कळतं, कारण त्याच्या आत त्वरणमापक नावाचा एक इवलासा संवेदक असतो. सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन हलला की तो तुकडा किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, त्याबरोबर विद्युत धारिता बदलते आणि हा बदल आकड्यांत वाचला जातो. किल्लारीचा भूकंप नोंदवणाऱ्या मोठ्या यंत्रांमागचं तत्त्वही मुळात हेच आहे: जमीन हलते, टांगलेलं वजन मागे राहतं, आणि दोघांतला फरक म्हणजे भूकंपाची नोंद.

जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्र विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने २०१६ मध्ये 'फायफॉक्स' नावाचं मोफत अ‍ॅप काढलं. फोनमधल्या संवेदकांचे आकडे ते थेट आलेखात दाखवतं. एकदा उतरवून घेतलं की त्याला इंटरनेट लागत नाही. आता निलंगा तालुक्यातल्या कुठल्याही शाळेतला सातवी-आठवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. शिक्षकाचा फोन बाकावर उताणा ठेवला आहे, त्वरणाची नोंद सुरू केली आहे. फोन अगदी स्थिर असताना उभ्या दिशेचा आकडा ९.८ च्या आसपास दिसतो. हालचाल काहीच नाही, मग हा आकडा कुठून आला? गुरुत्वाकर्षणाचा धडा इथेच सुरू होतो, तोही मुलाने विचारलेल्या प्रश्नातून.

मग एक मुलगी बाकाजवळ उडी मारते. आलेखाची रेषा टोकदार होऊन खाली येते. ती पाच पावलं मागे जाऊन तशीच उडी मारते, टोक बुटकं होतं. दहा पावलांवर गेल्यावर रेषा जेमतेम थरथरते. फोन बाकावरून काढून फरशीवर ठेवला, मग पटांगणातल्या मातीवर ठेवला, की प्रत्येक ठिकाणी रेषेचं वागणं वेगळं. मुलं हे आकडे वहीत उतरवतात, उडीचं अंतर आणि रेषेची उंची असा तक्ता करतात. 'केंद्रापासून दूर जाताना धक्क्याचा जोर कमी होतो' हे वाक्य पाठ करण्याची मग गरज उरत नाही, कारण ते त्यांनी स्वतः मोजलेलं असतं.

पुढची पायरी पटांगणावरची. भूकंपात आधी प्राथमिक लहर पोहोचते, कवचाच्या वरच्या थरात तिचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर. तिच्यामागून दुय्यम लहर येते, तिचा वेग सुमारे साडेतीन किलोमीटर. दोन मुलांना एकाच रेषेवरून एकाच वेळी चालायला लावायचं, एक भरभर, दुसरा सावकाश. जितकं लांब जावं तितकं दोघांतलं अंतर वाढतं. याच फरकावरून केंद्र किती दूर ते काढता येतं. दोन लहरींमधल्या प्रत्येक सेकंदामागे सुमारे ८ किलोमीटर. निलंग्यातल्या एखाद्या भूकंपमापकावर दुसरी लहर तीन सेकंद उशिरा नोंदली गेली असेल तर भूकंप सुमारे २४ किलोमीटरवर झाला. नकाशा उघडून मुलं निलंग्याभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढतात, आणि किल्लारी त्या वर्तुळाच्या आसपास सापडते तेव्हा सूत्राला एकदम गावाचं नाव मिळतं.

हासोरीच्या भीतीचं उत्तरही आकड्यांतूनच देता येतं. भूकंपाची तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. १९९३ चा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. २ तीव्रतेच्या धक्क्याशी त्याची तुलना केली तर ऊर्जेतला फरक सुमारे वीस लाख पट निघतो. हा गुणाकार मुलाने स्वतः गणकयंत्रावर केला की किरकोळ धक्का आणि विनाशकारी धक्का यांतलं अंतर त्याला कळतं. त्याने भीती जात नाही, पण तिला माप मिळतं. सोबत दुसरी गोष्टही सांगायला हवी: भूकंप केव्हा होणार हे आधी सांगणारं कुठलंही अ‍ॅप नाही. गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात सुरू केलेली अँड्रॉइड फोनवरची सूचना ही भूकंप सुरू झाल्यानंतरची असते. स्थिर ठेवलेल्या हजारो फोनना एकाच वेळी कंप जाणवला की तो संदेश भूकंपलहरीपेक्षा वेगाने लांबच्या लोकांपर्यंत पोहोचतो. हातातल्या फोनचा इतका मोलाचा उपयोग असू शकतो, हे दिवसभर रील्स बघणाऱ्या पोराला कळणं ही भूगोलाइतकीच महत्त्वाची शिकवण आहे.

छपराचं गणित

लातूर जिल्ह्याची दुसरी जखम म्हणजे पाणी. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या फेरीला दहा टँकर-वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आलं. देशभर बातमी झाली. आता हीच बातमी आठवीच्या गणितात आणा. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या वर. भागाकार केला तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी येतं. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुमारे २५ लाख लिटर आणू लागली, तरी माणशी साडेसहा लिटरच. भागाकार कशासाठी शिकायचा हे यापुढे सांगावं लागत नाही.

खरा रंग चढतो तो यानंतर, स्प्रेडशीटमध्ये. एक्सेल असो की फुकटात मिळणारं लिब्रेऑफिस, शाळेच्या संगणकावर ते चालतं. मुलं मापपट्टी घेऊन शाळेचं छप्पर मोजतात. समजा ते भरलं १०० चौरस मीटर. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं, हे एक वाक्य साऱ्या जलसंधारणाचा पाया आहे. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर त्या छपरावर ७० हजार लिटर पाणी पडतं. उडून, सांडून, पहिल्या पावसात घाण धुऊन वीस टक्के वाया गेलं असं मानलं तरी ५६ हजार लिटर हाती राहतं.

मुलं हे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत भरतात आणि शेवटच्या रकान्यात सूत्र लिहितात. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. पाऊस ४०० मिलिमीटरच झाला तर? रकान्यात आकडा बदलायचा, उत्तर आपोआप बदलतं: ३२ हजार लिटर. अशी किती छपरं मिळून पाण्याच्या पहिल्या रेल्वेइतकं पाणी होईल? सरासरी पावसात नऊ. शाळेतल्या शंभर मुलांना रोज माणशी दोन लिटर प्यायला लागलं तर ५६ हजार लिटर किती दिवस पुरेल? २८० दिवस. शाळेचं अख्खं वर्ष निघून पुन्हा उरतं. मग टाकी केवढी लागेल? पावसाळ्यात पाणी येतही राहतं आणि वापरलंही जातं, म्हणून महिन्यागणिक वेगळी ओळ करावी लागते. इथे मुलं जे करतात ते खऱ्याखुऱ्या अभियंत्याचं काम आहे.

फळ्यावर हेच गणित एकदा सोडवता आलं असतं. स्प्रेडशीटमुळे ते वीस वेळा, वीस वेगवेगळ्या पावसांसाठी सोडवता येतं, आणि एका आकड्याने दुसरा आकडा कसा हलतो हे डोळ्यांना दिसतं. साधनाने इथे मुलाच्या वतीने विचार केलेला नाही. पुन्हापुन्हा करायची आकडेमोड त्याने उचलली आणि विचार मुलाकडे सोपवला. वर्गात आणलेल्या प्रत्येक साधनाला हीच कसोटी लावावी: ते कष्टाचा कुठला भाग स्वतःकडे घेतं आणि कुठला मुलाकडे ठेवतं?

राज्य शासनाच्या संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस नोंदलेला असतो. औराद शहाजानी, कासार शिरसी, मदनसुरी, पानचिंचोली अशा आपल्याच भागातल्या नोंदी मुलांना काढता येतात. शाळेच्या आवारात साधं पर्जन्यमापक ठेवलं तर स्वतःची नोंद आणि सरकारी नोंद शेजारी मांडता येते. दोन्ही जुळल्या नाहीत तर का जुळल्या नाहीत, यावर एक तास सहज जातो आणि तो वाया जात नाही.

आकाशातून दिसणारं गाव

२०१९ च्या शिवजयंतीला निलंग्याच्या शेतात कलावंत मंगेश निपाणीकर यांनी शिवाजी महाराजांचं भव्य चित्र पिकातून उगवलं होतं. जमिनीवर उभं राहिलं की नुसती हिरवळ, आकाशातून पाहिलं की महाराज. ज्या तालुक्यात हे घडलं तिथल्या मुलांना उपग्रहचित्र म्हणजे काय हे समजवायला याहून चांगलं उदाहरण शोधूनही मिळणार नाही. गुगल अर्थ किंवा इस्रोचं २००९ पासून सुरू असलेलं 'भुवन' उघडलं की मूल आधी आपली शाळा शोधतं, मग घर, मग शेत. तिथून तेरणा-मांजरेच्या पात्राकडे जाणं सोपं असतं. या दोन नद्या कुठे मिळतात, औरादकडची काळी जमीन वरून कशी दिसते, किल्लारीचं जुनं गाव कुठे होतं आणि नवं कुठे वसलं, हे सगळं मुलं बोटाने सरकवत पाहतात. गुगल अर्थवर १९८४ पासूनची उपग्रहचित्रं वर्षागणिक पुढे सरकवण्याची सोय आहे. एखाद्या तलावाचं पाणी कोणत्या वर्षी आटलं आणि कोणत्या वर्षी भरलं हे त्यात पाहायचं आणि मग घरी जाऊन आजोबांना विचारायचं, 'त्या साली काय झालं होतं?' नकाशा तिथून इतिहासाला जाऊन भिडतो.

पुस्तकातला ठिपक्यांचा चौकोन

छापील पुस्तकाला डिजिटल साहित्य जोडण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाला एक वाट दाखवली, आणि ती एका छोट्या जिल्हा परिषद शाळेतून निघाली. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली परितेवाडी ही ती शाळा. २००९ मध्ये रणजितसिंह डिसले तिथे रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत पडीक होती. मुलींच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं मराठीत. त्यांनी कन्नड शिकून घेतली, पाठ्यपुस्तकांचा आशय मुलींच्या भाषेत आणला आणि पानांवर क्यूआर कोड चिकटवले. कोड स्कॅन केला की कवितेचं ध्वनिमुद्रण, गोष्ट, व्हिडिओ किंवा स्वाध्याय समोर यायचा. पुढे राज्याने ही कल्पना उचलली आणि बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली.

हा चौकोनही मुलांनी नीट पाहावा. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार केला. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात, त्यांवरून कॅमेऱ्याला कळतं की चित्र कुठल्या बाजूला वळलं आहे. उरलेल्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत माहिती असते, आणि त्याच माहितीचा काही भाग गणिती पद्धतीने पुन्हा गुंफलेला असतो. त्यामुळे कोडचा काही भाग फाटला, त्यावर शाई सांडली, तरी तो वाचता येतो. सर्वांत मजबूत प्रकारात जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतं. वर्गात एक प्रयोग जरूर करावा: पुस्तकातल्या कोडची झेरॉक्स काढायची, त्यावर कागदाचे लहान-लहान तुकडे ठेवत जायचे आणि कुठवर तो वाचला जातो ते पाहायचं. दप्तरात चुरगळलेलं पुस्तकही का चालतं, हे मुलांना कळेल आणि चुका दुरुस्त करणाऱ्या गणिताची त्यांना पहिली ओळख होईल.

परितेवाडीची खरी शिकवण मात्र भाषेची आहे. निलंगा तालुका कर्नाटकच्या बिदर जिल्ह्याला लागून आहे. इथे एकाच बाकावर घरी मराठी बोलणारं, दखनी बोलणारं, कन्नड बोलणारं आणि तांड्यावरून येणारं गोरमाटी बोलणारं मूल बसू शकतं. पहिलीतल्या अशा मुलाला पुस्तकातला शब्द आधी त्याच्या भाषेत ऐकू आला तर त्याला शाळा परकी वाटत नाही. यासाठी महागडं काही लागत नाही, फोनमधलं ध्वनिमुद्रक पुरतं. मोठ्या वर्गातली मुलं लहानग्यांसाठी शब्द आणि छोट्या गोष्टी घरच्या भाषेत मुद्रित करू शकतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या २०१५ पासूनच्या व्यासपीठावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतल्या बालकथा मोफत आहेत, त्यांचं भाषांतर करण्याची परवानगीही खुली आहे. त्यातली एखादी गोष्ट गोरमाटीत सांगून मुद्रित करणं हा चौथीच्या वर्गासाठी आनंदाचा उपक्रम आहे.

ह्याच ध्वनिमुद्रकाने इतिहासाचं मोठं काम होऊ शकतं. १९९३ ची पहाट तरुणपणी पाहिलेली माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. मुलांनी त्यांची परवानगी घेऊन, आधी प्रश्न लिहून काढून, त्या पहाटेच्या आठवणी मुद्रित कराव्यात. कोणत्या भिंती आधी पडल्या, पत्र्याच्या घरांचं काय झालं, पहिली मदत कोणाची आली. मग ते ऐकून लिहून काढावं, वेगवेगळ्या साक्षी ताडून पाहाव्यात. मराठीचा निबंध, इतिहासाचं साधन आणि सुरक्षित बांधकामाचं विज्ञान तिन्ही एका उपक्रमात येतात. दुखऱ्या आठवणी उकरताना कोणाला बोलायचं नसेल तर तिथेच थांबावं, हे मुलांना शिकवणं हाही त्याच धड्याचा भाग आहे.

यंत्र आलं, शिकणं आलं का?

वर्गात यंत्र आणण्याची धडपड आजची नाही. १९७५-७६ मध्ये नासाच्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचवण्यात आली, त्यात मराठवाड्याच्या सीमेपलीकडचा गुलबर्गा जिल्हाही होता. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम पाहत एक पिढी मोठी झाली. २०१७ मध्ये ती बंद पडली. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाला छोटा लॅपटॉप देण्याचा देशातला पहिला प्रयोग झाला. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याने टॅबलेटवर शाळा चालवून दाखवली, आणि लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभी करण्याची लाट राज्यभर पसरली. करोनाकाळात २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका सुरू झाली.

या सगळ्यातून शिकायचं काय, याचं उत्तर दोन अभ्यासांत स्पष्ट मिळतं. पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला तेव्हा सव्वा वर्षानंतरही मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक पडलेला आढळला नाही. यंत्रं आली होती, पण शिकवण्याची पद्धत होती तशीच राहिली होती. उलट दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी 'माइंडस्पार्क' या संगणक कार्यक्रमाचा अभ्यास झाला. तिथे मूल ज्या पायरीवर खरोखर आहे त्याच पायरीपासून त्याला प्रश्न दिले जात, कारण सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत ठळक प्रगती झाली.

यंत्र दोन्हीकडे होतं. दिल्लीत ते प्रत्येक मुलाच्या नेमक्या अडचणीपर्यंत पोहोचलं, पेरूत ते नुसतं पोहोचलं. शाळेला स्मार्ट टीव्ही मिळाल्याचा फोटो निघतो, उद्घाटनाचा नारळ फुटतो, आणि वर्षभराने टीव्ही कपाटात कुलूपबंद असतो, असं आपल्याकडेही घडतं. ती चूक शिक्षकाची एकट्याची नाही. यंत्र देताना ते कोणत्या धड्यासाठी, कोणत्या मुलासाठी, हे कोणी विचारलेलं नसतं.

'असर' या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी पाहणीआधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला असं सांगणारी ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. म्हणजे फोन चालवायला शिकवण्याची गरज राहिलेली नाही. फोनकडून काम करून घ्यायला शिकवण्याची आहे.

रेंज नाही, लाइट नाही, तरीही

खेड्यातल्या शाळेच्या अडचणी खऱ्या आहेत. लाइट जाते, बिल थकतं, रेंज पटांगणाच्या एका कोपऱ्यातच येते, आणि तीस मुलांत फोन एक. म्हणून साधनं निवडताना बिनइंटरनेटची आधी निवडावीत. फायफॉक्स, स्प्रेडशीट, ध्वनिमुद्रक यांना रेंज लागत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' ही विज्ञान-गणिताची अनुकरणं मोफत आहेत, त्यांतली काही मराठीतही आहेत, आणि ती एकदा उतरवून पेनड्राइव्हवरून चालवता येतात. विजेचं परिपथ जोडणं, अपूर्णांक कापून पाहणं, लोलकाची दोरी लांब-आखूड करणं हे मूल त्यात स्वतः करतं. फोन एकच असेल तर पाच-सहा जणांचे गट करावेत: एक गट मोजतो, एक नोंदवतो, एक आलेख काढतो, एक चूक शोधतो. दर आठवड्याला कामं फिरवावीत, नाहीतर फोन सतत त्याच दोन हुशार मुलांच्या हातात राहतो, आणि बहुधा ते मुलगेच असतात. मुलींच्या हातात यंत्र जाईल हे शिक्षकाने जाणीवपूर्वक पाहिलं पाहिजे.

दोन पथ्यं पाळावीत. मुलांचे फोटो, आवाज, नावं कुठल्याही अ‍ॅपवर चढवण्याआधी पालकांची संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती बंधनकारक मानली आहे. दुसरं पथ्य कृत्रिम बुद्धिमत्तेचं. तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सफाईदार येतं, पण ते बरोबर असेलच असं नाही. हासोरीच्या आवाजांबद्दल तिने दिलेलं उत्तर मुलांनी त्या वेळच्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहावं, चुकलेल्या वाक्याखाली रेघ मारावी. उत्तर मिळवण्यापेक्षा उत्तर तपासणं हे यापुढच्या पिढीचं मोठं कौशल्य ठरणार आहे.

शिक्षक मित्रांनो, या सत्रात सगळं करायला जाऊ नका. आपल्या इयत्तेचा एकच धडा निवडा, ज्याचा तुमच्या गावाशी थेट संबंध आहे. त्यासाठी एकच साधन घ्या, आदल्या दिवशी स्वतः चालवून पाहा आणि तासाला ते मुलांच्या हातात द्या. मूल काय मोजणार आणि कोणता प्रश्न विचारणार हे आधी कागदावर लिहा. तास संपल्यावर मुलाच्या वहीत त्याने स्वतः मोजलेला एखादा आकडा असेल, तर तो तास साधला. पुढच्या शिक्षण परिषदेत तो केंद्रातल्या इतर शिक्षकांना दाखवा, कारण एका शाळेत साधलेला तास दहा शाळांत गेला तरच तालुक्याचं शिक्षण पुढे सरकतं. आणि पालकांनो, शाळेला टीव्ही द्यायला लोकवर्गणी काढाल तेव्हा त्यावर कोणता तास, कोणत्या मुलांसाठी चालणार, हे आधी गुरुजींना विचारा. तो प्रश्न तुमच्या वर्गणीइतकाच शाळेच्या उपयोगाचा आहे.